एआय एजंटला आपली टूल्स नीट वापरता यावीत यासाठी डॉक्युमेंटेशन कसं लिहावं?

तुम्ही लिहिलंय की ऑर्डर आणि परताव्याची अंतर्गत टूल्स एजंटला (स्वतः टूल्स चालवून काम करणाऱ्या एआयला) जोडली आहेत, विकीवर, म्हणजे टीमच्या अंतर्गत माहितीच्या पानांवर, सविस्तर माहितीही आहे, तरीही एजंट चुकीचं टूल उचलतो आणि रक्कम, तारीख भलतीच भरतो. एजंटमागचं एआय मॉडेल बदलायच्या आधी टूलचं वर्णन बदला, असं मी सांगेन.

तुम्ही वेगळी सोय केली नसेल, तर तुमची विकी एजंटसमोर नसतेच. एमसीपीने (एआयला टूल्स जोडायच्या एका प्रमाणित पद्धतीने) जोडा किंवा थेट फंक्शन कॉलिंगने (मॉडेलला टूल्सची यादी थेट देऊन), टूल निवडताना मॉडेलला मुख्यतः तीन गोष्टी दिसतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि पॅरामीटर्सचा जेसन स्कीमा, म्हणजे टूलला कोणती मूल्यं कोणत्या प्रकारात द्यायची याचा आराखडा. नव्या माणसाला शंका आली की तो शेजारच्या सिनियरला विचारतो. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, जो अर्थ जास्त संभवतो तो धरून पुढे जातो. त्यामुळे सिनियर जे तोंडी सांगतो, नेमकं तेच वर्णनात लिहायचं असतं.

तुमच्या रकमेचंच घ्या. पॅरामीटरचं नाव नुसतं ‘अमाउंट’ असेल तर ते रुपये की पैसे? रेझरपे या पेमेंट गेटवेच्या एपीआयमध्ये (प्रोग्राम्सनी वापरायच्या जोडणीत) रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५००००. तुमचं टूल रुपये घेत असेल आणि मॉडेलने पेमेंट गेटवेची सवय धरली, तर परतावा शंभरपट जाईल. एकक पॅरामीटरच्या नावातच घाला, ‘अमाउंट_रुपये’ किंवा ‘अमाउंट_पैसे’ असं, आणि वर्णनात एक उदाहरण द्या. तारखेचंही तसंच. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. २०२५-०४-०३ हाच साचा सक्तीचा करा आणि वेळ भारतीय की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) तेही लिहा. तिमाही मागणारं टूल असेल तर आर्थिक वर्षाची पहिली तिमाही एप्रिल ते जून, हे स्पष्ट हवं. नाहीतर जानेवारी ते मार्चचा अहवाल निघेल आणि आकडे दिसायला ठीक असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येणार नाही. अशा चुकांचीच मला सर्वात जास्त काळजी वाटते.

चुकीचं टूल उचललं जातं त्याचं कारण बहुधा वेगळं असतं. ‘ऑर्डर शोधते’ आणि ‘ऑर्डरची माहिती देते’ अशी दोन वर्णनं शेजारी असतील तर निवडायचं कशावरून? शोधणाऱ्या टूलच्या वर्णनात ते केव्हा वापरू नये हे लिहा: ‘ऑर्डर क्रमांक माहीत असेल तर हे वापरू नका, गेट_ऑर्डर वापरा.’ हे एक वाक्य विकीच्या पानभर माहितीपेक्षा जास्त काम करतं. दोन टूल्समधला फरक तुम्हालाच एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती एकत्र करायला हवीत.

परिणाम लिहायला लोक विसरतात. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंक या प्रोग्राममध्ये स्रोताच्या फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली तर आतला मजकूर कॉपी होतो, नाही दिली तर फोल्डरच कॉपी होतो. सोबत डिलीटचा पर्याय असेल तर या एका चिन्हामुळे दुसरीकडच्या फाइली जाऊ शकतात. अनुभवी माणूस आधी ड्राय-रन, म्हणजे काहीही न बदलता नुसती तालीम, करून पाहतो. तुमच्या परताव्याच्या टूलमध्येही तशी सोय ठेवा आणि ‘आधी ड्राय-रन करा, निकाल माणसाला दाखवा, मगच खरा कॉल करा’ हा क्रम वर्णनात घाला. तोच कॉल दोनदा गेला तर पैसे दोनदा जातात का, हेही लिहा, कारण टाइमआउट आला (उत्तर वेळेत मिळालं नाही) की एजंट पुन्हा प्रयत्न करू शकतो.

मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारं आहे की विध्वंसक आहे हे सांगणाऱ्या खुणा आहेत, पण त्या निव्वळ सूचना आहेत. परवानगी आणि रकमेची मर्यादा सर्व्हरवरच तपासा.

एरर मेसेज हासुद्धा डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, आणि एजंट तो अगदी गरजेच्या क्षणी वाचतो. ‘अवैध इनपुट’ म्हटल्याने त्याला काहीच कळत नाही. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या साच्यात हवी, मिळाली ०३/०४/२०२५’ असं म्हटलं की पुढचा कॉल बहुधा बरोबर येतो. उत्तरंही आटोपशीर ठेवा. हजारो ओळी परत दिल्या तर कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेलला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुराची जागा, भरतो. पहिल्या ५० द्या, बाकी किती आहेत आणि पुढचं पान कसं मागायचं ते सांगा.

सुरुवात परताव्याच्या टूलपासून करा, कारण तिथली चूक परत फिरवणं सर्वात अवघड. सपोर्ट टीमकडून खऱ्या विनंत्या घ्या, त्यांच्याच अर्धवट शब्दांत, आणि चाचणीच्या डेटाबेसवर एजंटला द्या. नुसतं शेवटचं उत्तर पाहू नका. कोणतं टूल निवडलं आणि कोणती मूल्यं भरली तो लॉग वाचा. एका वेळी वर्णनातलं एकच वाक्य बदला आणि त्याच विनंत्या पुन्हा चालवा. ही वर्णनं कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत) ठेवा, म्हणजे पॅरामीटर बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (तपासणीसाठी पाठवलेल्या बदलात) वर्णन बदललंय की नाही हे रिव्ह्यू करणाऱ्याला तिथेच दिसेल.