बिल्डिंग साइटवरच्या सेफ्टी ट्रेनिंगचा खरंच उपयोग होतो, की नुसती रजिस्टरं भरायची असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, तीन वर्षं साइट सुपरवायझर आहात, आता घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरसाठी सेफ्टी ऑफिसरची ऑफर आली आहे. मित्र म्हणतात, तिथे नुसती रजिस्टरं भरायची असतात. मग ट्रेनिंगचा काही उपयोग असतो का, आणि सेफ्टीच्या कोर्समध्ये अॅडिस (इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा) करावं की नेबॉश (ब्रिटिश सर्टिफिकेट)?

मित्र बरोबर बोलतायत. रजिस्टरं भरायचीच असतात. त्या रजिस्टराचं पुढे काय होतं ते मात्र त्यांना ठाऊक नसावं, म्हणून लिहायला बसलोय. कोर्सचं शेवटी सांगतो.

२०१६ ची गोष्ट. मीही घोडबंदरलाच होतो, बावीस मजल्यांचं काम. सेफ्टीत येऊन दोन वर्षं झाली होती. साडेतीनशेच्या आसपास लेबर, सेंट्रिंगवाले (स्लॅबचे साचे बांधणारे) बहुतेक बंगालमधल्या मालद्याचे, फिटर झारखंडचे. नवीन माणूस आला की इंडक्शन, म्हणजे कामाआधीचं सेफ्टी ट्रेनिंग. पत्र्याच्या शेडमध्ये वीस मिनिटांचा हिंदी व्हिडिओ, मग पाच मिनिटं मी बोलणार, मग रजिस्टरवर सही, हेल्मेट, गेटपास. त्या दिवशी स्लॅबचं काँक्रीट नऊला लागणार होतं. आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या प्लांटवरून सुटलेल्या, आणि मुकादम आदल्या रात्री रेल्वेने उतरलेली चौदा पोरं घेऊन गेटवर उभा. पीएमचा (प्रोजेक्ट मॅनेजरचा) फोन आला, "आधी माणसं वर पाठव, तुझं कीर्तन संध्याकाळी कर." मी रजिस्टर मुकादमाच्या हातात दिलं. संध्याकाळी ते चौदा सह्यांसकट परत आलं आणि खाली 'प्रशिक्षण देणाऱ्याची सही' या रकान्यात मी माझी सही ठोकली. कीर्तन काही झालं नाही.

पाचव्या दिवशी त्यातला एक डक्टमधून खाली गेला.

डक्ट म्हणजे पाइपांसाठी प्रत्येक स्लॅबमध्ये सोडलेलं भोक; त्यावर प्लाय टाकून ठेवतात हे तुम्हाला सांगायला नको. पण तो प्लाय घात कसा करतो हे मी त्या दिवशी शिकलो. सेंट्रिंगवाल्याला वर एक तुकडा कमी पडत असतो. समोर चांगला बारा एमएमचा तुकडा जमिनीवर पडलेला दिसतो. खिळा नाही, रंग नाही, खूण नाही. तो वाकतो, दोन्ही हातांनी कडा धरून प्लाय उचलतो, छातीसमोर उभा धरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. समोर सगळा प्लायच, पायाखालचं काही दिसत नाही. झालं. डोक्यावर हेल्मेट होतं, अंगात बेल्टही होता. पण सातव्या मजल्यावरच्या सपाट स्लॅबवर चालताना बेल्टचा हुक लावणार कशाला, हवेला? चौथ्या मजल्यावर प्लंबरने डक्टमध्ये पाइपसाठी परांची बांधली होती, तिच्यावर अडकला म्हणून वाचला. कमरेचं हाड आणि डावी मांडी. वय चोवीस.

आता रजिस्टर. भरपाईचा विषय निघाला तेव्हा ऑफिसात बैठक बसली. तेव्हा कायदा १९२३ चा, नुकसानभरपाईचा. कामामुळे इजा झाली की मालकाने पैसे द्यायचे, चूक कुणाची हे सहसा बघायचं नाही, असा तो चांगला कायदा. पण त्याला एक फट होती. इजेने मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल, आणि कामगाराने सुरक्षेसाठी बसवलेली वस्तू 'माहीत असून' मुद्दाम काढली असेल, तर मालक हात वर करू शकत होता. ठेकेदाराच्या माणसाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. प्लाय ही सुरक्षेची वस्तू, ती त्याने काढली. त्याला माहीत होतं याला पुरावा काय? हे बघा रजिस्टर, नववी ओळ, सही. आणि खाली सेफ्टी ऑफिसरची सही.

ते पान मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. चौदा सह्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या, प्रत्येकीखाली तीच तिरकी रेघ. नवव्या ओळीत देवनागरीत नाव. त्या पोराला बंगालीशिवाय एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

मी म्हटलं, साहेब, ही सही त्याची नाही. पीएम म्हणाले, "मग खोट्या सहीखाली सही कुणी मारली? नोकरी तुझी जाईल, माझी नाही." त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. मी गप्प बसलो. चार दिवस बसलो. पाचव्या दिवशी अपघाताच्या आमच्या अहवालात प्रशिक्षणाच्या रकान्यात लिहिलं, 'इंडक्शन झाले नव्हते, सही कामगाराची नाही, चूक माझी.' एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवली, एक हॉस्पिटलात त्याच्या भावाला दिली. यात बहादुरी वगैरे काही नाही. बहादूर माणसाने सकाळी नऊला गाड्या उभ्या करून ठेवल्या असत्या. माझी बदली स्टोअरला झाली, आठ महिने सिमेंटच्या गोण्या मोजल्या. रजिस्टर मात्र परत कुणी पुढे केलं नाही. त्याला पैसे मिळाले, अकरा महिन्यांनी. आकडा लिहीत नाही, वाचून चिडाल.

तर 'ट्रेनिंगचा उपयोग होतो का' याचं अर्धं उत्तर हे. होतो, भरपूर होतो. फक्त कुणाला होतो ते बघत चला.

आमच्या पीएमचं आवडतं वाक्य होतं, "अठ्ठ्याऐंशी टक्के अपघात कामगाराच्या चुकीने होतात." दर ४ मार्चला, सेफ्टी वीकच्या भाषणात, नारळ फोडून झाल्यावर. त्यांच्याशी तेव्हा वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं. पुढे अॅडिस करताना कळलं की हा आकडा हाइनरिख नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाचा, विमा कंपनीत होते, १९३१ साली मांडला. ८८ टक्के माणसाची चूक, १० टक्के जागेतला दोष, उरलेले २ टक्के टळण्यासारखेच नव्हते. आधार कशाचा, तर विम्याचे दावे आणि कारखान्यांचे अपघात-अहवाल. आणि ते अहवाल लिहायचे कोण? मालक आणि त्यांचे सुपरवायझर. म्हणजे माझ्यासारखीच माणसं, आणि पान तसलंच. मी चार दिवस आणखी गप्प राहिलो असतो तर तो डक्टमधला पोरगाही त्या ८८ मध्ये जमा झाला असता.

साहेब हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी आणखी एक. १० सप्टेंबर २०२३ ला आपल्या ठाण्यातल्या बाळकुमला चाळीस मजली टॉवरवर वॉटरप्रूफिंगचं काम संपवून खाली येणारे ७ कामगार लिफ्ट कोसळून गेले. कामाची लिफ्ट होती, ते तिच्यात उभे होते. यात कामगाराने काय चुकवलं? किती तासांच्या इंडक्शनने ते वाचले असते?

आता खर्चाचं बोलू, कारण शेवटी वाद तिथेच होता. अपघातानंतर मी मागणी केली होती की डक्टमध्ये स्लॅबची सळई कापू नका, तशीच आडवी-उभी सोडा. प्लंबर येईल त्या दिवशी परमिट काढून कापू. जाळी असली की कुणी प्लाय उचलला तरी पाय अडकेल, माणूस जाणार नाही. उत्तर आलं, "स्टील फुकट येतं का?" मी तेव्हा हिशेब केला नव्हता, आता करून दाखवतो. डक्ट १२०० बाय ९०० एमएमचा. आठ एमएमची सळई दोन्हीकडून १५० एमएमच्या अंतरावर. भोकात लागते साडेचौदा मीटरच्या आत. आठ एमएम म्हणजे मीटरला ०.३९५ किलो, म्हणजे पावणेसहा किलो. किलोला साठ रुपये धरा, साडेतीनशे रुपये. मजल्याला चार डक्ट, बावीस मजले, अठ्ठ्याऐंशी भोकं (हाही अठ्ठ्याऐंशीच!). अर्धा टन स्टील, तीस हजार रुपये. कापलेले तुकडे भंगारात विकलेत तर त्याहूनही कमी. आमच्या सेफ्टी वीकचा मंडप, टी-शर्ट आणि जेवण मिळून याच्यापेक्षा जास्त बिल झालं होतं. ते बिल स्टोअरला असताना माझ्याच हातून गेलं.

पुढच्या साइटला, खारघरला, मी ही मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी दिली. तिथल्या कन्सल्टंटने काही न बोलता ड्रॉइंगमध्येच टाकून दिली. ड्रॉइंगमध्ये आलं की ते बारबेंडरचं (सळई वाकवणाऱ्याचं) रोजचं काम होऊन जातं, मग ना व्हिडिओ लागतो ना सही. सेफ्टी ऑफिसरचं खरं काम ड्रॉइंग आणि बीओक्यूमध्ये (कामाच्या मापांच्या यादीत) घुसण्याचं आहे. घसा फोडून भाषणं करणारे खूप आहेत.

तरी ट्रेनिंग देऊच नका असं माझं म्हणणं नाही. शेडमधलं बंद करा, जागेवरचं द्या. सकाळी कामाला लागायच्या आधी दहा मिनिटं, ज्या मजल्यावर काम आहे त्याच मजल्यावर, त्याच दिवसाच्या कामाचं. आज बाहेरून शटरिंग उतरवायचंय तर लाइफलाइन कुठे बांधली आहे ते हात लावून दाखवा, आणि त्याच्याकडूनच हुक लावून घ्या. मुकादमाला नव्हे, टोळीतल्या पोरालाच विचारा, पडायची भीती कुठे वाटते? पहिले चार दिवस कुणी बोलत नाही. पाचव्या दिवशी अशी जागा सांगतात की आपली मान खाली जाते. आणि सह्या तिथेच घ्या, एकेकाच्या, त्याच्या लिपीत. अंगठा असेल तर अंगठा.

कायद्याचं थोडं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सेफ्टी ऑफिसर ५०० कामगारांवर लागायचा. साडेतीनशे लेबरच्या माझ्या साइटवर मी कायद्याने नव्हतोच, बिल्डरच्या करारात अट होती म्हणून होतो. म्हणूनच मला उचलून स्टोअरला टाकणं इतकं सोपं गेलं. आता नवी सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, त्यात बांधकामाला ही मर्यादा २५० आहे. तुमच्या ऑफरमध्ये हे जरूर तपासा: साइटवर २५० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत का, आणि तुमचं नाव कायद्याने नेमलेला अधिकारी म्हणून लागणार, की डेझिग्नेशन नुसतं व्हिजिटिंग कार्डावर? शिवाय १ टक्का सेस (बांधकाम खर्चावरचा कर) भरला म्हणजे कामगारांचं सगळं केलं, असं सांगणारे भेटतील. तो सेस बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो, आणि त्याचा लाभ नोंदणी झालेल्यालाच. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दर तीन महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या पोराला तो दाखला कोण देणार? त्या डक्टमधल्या पोराची नोंदणी नव्हती.

कोर्स: महाराष्ट्रात राहायचं असेल तर अॅडिस. तंत्रशिक्षण मंडळाचा आहे, एक वर्षाचा, सरकारदरबारी चालतो. सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा डिप्लोमा मिळाला तर त्याहून उत्तम. गल्फला जायचं मनात असेल तर नेबॉश. छोटे कोर्स हवे असतील तर राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आपल्या बेलापूरलाच आहे. ४ मार्च हा तिचाच स्थापना दिवस, १९६६ चा. साहेबांच्या नारळाचा नाही.

एवढं तापून लिहिलंय, तर हेही सांगायला हवं की माझा अनुभव टॉवरच्या साइटचा आहे, मेट्रो आणि पुलांवर कसं चालतं ते मी जवळून पाहिलेलं नाही. काही मोठे ठेकेदार खरोखर चांगलं काम करतात, खारघरचा त्यातलाच. भरपाईच्या कायद्याबद्दल लिहिलं ते वकिलाला विचारल्याशिवाय कुणाला सांगत बसू नका. आणि जाळी सोडायची ती स्ट्रक्चरल कन्सल्टंटला विचारूनच, माझ्या नावावर नको.

ऑफर घ्या. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण काम थांबवायचा अधिकार पत्रात लेखी मागा. नाही म्हणाले तर काय समजायचं ते समजा. पहिल्या दिवशी कुणी केबिन दाखवायच्या आत सगळ्या मजल्यांवरचे डक्ट फिरून या. जाळी होईपर्यंत प्लाय खिळ्यांनी ठोका आणि वर लाल रंगाने 'नीचे होल है' लिहा, शेजारी बंगालीतही. बंगाली येत नसेल तर पोरांकडूनच लिहून घ्या. माझ्या आत्ताच्या साइटवरचं ते अक्षर एका बारबेंडरचं आहे. एका शब्दाची वेलांटी चुकलीय म्हणून त्याचा चुलतभाऊ त्याला रोज जेवणाच्या सुट्टीत चिडवतो.