थांबा, बघून येतो

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री समुद्रातल्या मुंबई हायच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून तुझा फोन आला तेव्हा मागे टर्बाइनची घरघर होती आणि तुझा आवाज तिच्याखाली दबलेला होता. दहा मिनिटं तू नोकरी बदलण्याबद्दल बोललास. डेटा सायन्सचा कोर्स, अबुधाबीला गेलेला मित्र, मुंबईच्या ऑफिसात रिकामी झालेली रिझर्वॉयर मॉडेलिंगची (जमिनीखालच्या तेलसाठ्याचा संगणकावर नकाशा बनवायची) जागा, तेलाला आता किती वर्षं उरलीत, सगळं काढलंस. खरी गोष्ट मात्र फोन ठेवता ठेवता सांगितलीस. मागच्या आठवड्यात रात्रपाळीत सेलर डेकवर, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या खालच्या मजल्यावर, वेल्डिंग होतं. हॉट वर्क परमिटवर, म्हणजे ठिणगी उडणाऱ्या कामाच्या लेखी परवानगीवर, गॅस टेस्टच्या रकान्यात तू शून्य लिहिलंस आणि सही केलीस. मीटर घेऊन खाली गेलाच नाहीस. सीनियर म्हणाले, "तासाभरापूर्वी टेस्ट झालीय, कर सही, माणसं खोळंबलीत." आणि मग तू म्हणालास, "पण काका, काही झालं नाही."

त्या एका वाक्यावर माझी रात्र गेली. फोनवर असतो तर ओरडलो असतो, म्हणून कागदावर लिहितोय.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे तुला मी सांगायला नको. ऑफिस की फील्ड हा तुझा प्रश्नच नाही. तुला तुझी ती सही खुपतेय, आणि ती आठवायला लागू नये म्हणून तू जागा बदलायला निघालायस. खुपतेय ते बरंच आहे. ज्यांना खुपणं थांबलं अशांबरोबरही मी काम केलंय.

माझ्याकडे तुला द्यायला एकच गोष्ट आहे: जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही. त्यासाठी सीनियरशी भांडायचं नाही, त्याला नियम वाचून दाखवायचे नाहीत, तोंडावर 'नाही' म्हणायचीही गरज नाही. "थांबा, बघून येतो," एवढंच म्हणायचं, हेल्मेट उचलायचं आणि जिना उतरायचा. 'नाही' म्हटलं की समोरच्याचा अहंकार उभा राहतो. 'बघून येतो' म्हटल्यावर तो काय म्हणणार, नको बघू? तसं म्हणणारा निघालाच, तर आपण कुणाच्या हाताखाली काम करतोय हे त्याच क्षणी कळतं.

तासाभरापूर्वीची टेस्ट म्हणे! तासाभरात वारा फिरतो. वर कुणी ड्रेन उघडतो. तुमच्या सेलर डेकवर सांडलेलं तेल-पाणी जमा होणारी संपची टाकी आहे, तिच्या व्हेंटमधून काय येतंय हे मीटरशिवाय कुणाला कळणार? तुमच्याकडे सावर गॅस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला वायू आहे, त्यामुळे नाकावर तर अजिबात भरवसा ठेवू नकोस. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो हे शाळेत शिकतो, पण प्रमाण शंभर पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत शंभर भागांच्या, आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. तो हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, आणि वेल्डर काम करतो गुडघ्यावर बसून.

आता माझं ऐक. तुझ्या वडिलांनाही हे पूर्ण ठाऊक नाही.

१९९३ चा पावसाळा. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, नुकताच शिफ्ट इन्चार्ज झालो होतो. टेस्ट सेपरेटरच्या, म्हणजे एकेका विहिरीचं तेल, पाणी, वायू वेगळं करून मोजणाऱ्या टाकीच्या, लिक्विड लाइनवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह बदलायचा होता. दोन्हीकडचे ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केले, मधला तुकडा ड्रेन केला. पहाटेचे पाच वाजले होते. सहाच्या रिपोर्टसाठी मी कंट्रोल रूममध्ये आकडे जुळवत बसलो होतो. आमचा ऑपरेटर आला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, या कामातलं निम्मं मी त्याच्याकडूनच शिकलेलो. म्हणाला, "साहेब, ब्लीड उघडून ठेवलाय, काही येत नाही. गेज शून्यावर आहे." तो खोटं बोलत नव्हता. ब्लीडमधून, म्हणजे आतलं प्रेशर सोडणाऱ्या छोट्या नळीतून, खरंच काही येत नव्हतं. मी खुर्चीतून न उठता, लाइन बंद आणि रिकामी असल्याच्या आयसोलेशन सर्टिफिकेटवर सही केली.

मुंबई हायचं क्रूड मेणचट असतं, हे तुला ठाऊक आहे. ब्लीडची नळी मेण आणि वाळूने गच्च भरली होती, गेजकडे जाणारी नळीही तशीच. वरच्या बाजूचा व्हॉल्व्ह पास होत होता, म्हणजे बंद असूनही आतून गळत होता. म्हणजे गेजवर शून्य आणि आत सेपरेटरचं प्रेशर. फिटरने शिकवल्याप्रमाणे लांबच्या बाजूचा बोल्ट आधी सैल केला. तरी गॅस्केट फाटलं आणि फवारा सरळ तोंडावर आला. त्याचा उजवा डोळा गेला.

मी तिथे गेलो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी तीस वर्षं करतोय. ब्लीड उघडला की आधी थोडं तेल, थोडा वायू यायलाच हवा. काहीच आलं नाही तर त्याचा अर्थ लाइन रिकामी आहे असा होत नाही, ब्लीड तुंबलाय असाही होऊ शकतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट समोर दिसल्याशिवाय सुचत नाही. खुर्चीत बसून 'काही येत नाही' हे दिलासा वाटलं. पाइपासमोर उभा असतो तर तेच ऐकून अंगावर काटा आला असता.

चौकशी झाली. 'फिटरने पुरेशी खबरदारी घेतली नाही' असं लिहिलं गेलं. तुम्ही जागेवर गेला होता का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. घरी सहा महिन्यांची मुलगी होती, डोंबिवलीच्या घराचं कर्ज नुकतंच घेतलं होतं. तेव्हा बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि मग पुढच्या वीस वर्षांत मी जी कामं थांबवली ती कुणी थांबवली असती? हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय. अजूनही मला ते पटतं. पण त्या फिटरसमोर बसल्यावर ते तोंडातून निघालं नाही.

कारण अकरा वर्षांनी मी उरणला त्याच्या घरी गेलो होतो. सगळं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, मला वाटलं तुम्ही बघून गेलात. सही होती ना, म्हणून मी बोल्टला पाना लावला."

यातच सगळं आलं बघ. तुला वाटतं सही हा कागदाचा कारभार आहे. फ्लॅन्जपाशी, म्हणजे पाइपाच्या जोडापाशी, वाकलेल्या माणसाच्या लेखी ती सही म्हणजे तुझे डोळे असतात. 'यांनी पाहिलंय' हे तो तुझ्या अक्षरावरून धरून चालतो आणि तोंड पुढे करतो. म्हणून म्हणतो, बघून ये.

पायपर अल्फा प्लॅटफॉर्मचा अपघात तुम्ही ट्रेनिंगमध्ये एका तासात उरकता. मला ते तसं उरकलेलं आवडत नाही. ६ जुलै १९८८, स्कॉटलंडजवळचा उत्तर समुद्र. कंडेन्सेटच्या (वायूतून निघणाऱ्या हलक्या तेलाच्या) एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीने दुरुस्तीला काढला, त्या जागी तात्पुरता ब्लाइंड फ्लॅन्ज, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारी चकती, बसवला. काम अपुरं राहिलं. रात्री दुसरा पंप ट्रिप होऊन बंद पडला. रात्रपाळीला एवढंच ठाऊक की पहिल्या पंपाचं दुरुस्तीचं काम अजून सुरू झालेलं नाही, तेव्हा तो चालू करता येईल. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे सांगणारा कागद दुसरा होता, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. पंप सुरू केला, त्या फ्लॅन्जमधून गळती होऊन स्फोट झाला. १६७ माणसं गेली, ६१ वाचली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या आणि आज तू जी परमिटची पद्धत वापरतोस तिच्यावर त्या शिफारशींची छाप आहे. आपल्याकडे परमिटसाठी ओआयएसडी-१०५ हे मानक आहे, ते तू वाचलंही असशील. पण मला त्यात सारखं एकच दिसतं. पंपाचं बटण दाबण्याआधी कुणी वर जाऊन त्या लाइनवर नजर टाकली असती तर? तो व्हॉल्व्ह पंपाजवळ नव्हता, वरच्या बाजूला होता, सहज दिसणारा नव्हता, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर लाइन पायाखाली घातलेली असावी लागते.

आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसलं म्हणजे पाहिलं, असंही समजू नकोस. मार्च २००५ मध्ये टेक्सास सिटीच्या रिफायनरीत एक टॉवर वरपर्यंत भरत चालला होता. आत पातळी जवळजवळ १५८ फूट, आणि पडद्यावरचा आकडा दहा फुटांच्याही आत, वर तो हळूहळू उतरतोय असं दाखवणारा. टॉवर ओसंडला, स्फोट झाला, १५ माणसं गेली. त्याच वर्षी २७ जुलैला, मुंबई पाण्यात बुडालेली असताना, आपल्याच समुद्रात मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळाला. जखमी माणसाला उतरवायला जवळ आलेलं जहाज रायझरला, म्हणजे समुद्रतळावरून वर येणाऱ्या पाइपाला, धडकलं होतं. २२ जण गेले, आणि एवढा मोठा प्लॅटफॉर्म सुमारे दोन तासांत नाहीसा झाला. या धंद्यात चूक सुधारायला मिळणारा वेळ एवढाच असतो. तू ज्या पाण्यावर झोपतोस त्याच पाण्यावर हे झालंय. 'काही झालं नाही' हे पुन्हा माझ्यासमोर म्हणू नकोस.

रागावलो. असू दे.

बघायला जायचं म्हणजे काय बघायचं हे आधी कळावं लागतं, आणि ते ऑफशोअरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळतं, नंतर कुणी वेळ देत नाही. पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि व्हॉल्व्हचं ड्रॉइंग, हातात घे आणि रोज एक लाइन चाल. विहिरीच्या तोंडावरच्या वेलहेडपासून सगळ्या विहिरींचे पाइप एकत्र येतात तो मॅनिफोल्ड, मॅनिफोल्डपासून सेपरेटर. ड्रॉइंगवर आहे पण जागेवर नाही, जागेवर आहे पण ड्रॉइंगवर नाही, असं जे सापडेल ते लाल पेनाने मार्क कर. चाळीस वर्षांच्या प्लॅटफॉर्मवर भरपूर सापडेल. ऑपरेटरबरोबर चाल, एकटा नको. कुठला व्हॉल्व्ह पास होतो, कुठला ड्रेन पावसाळ्यात तुंबतो, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, त्यांच्या डोक्यात आहे, आणि ते लोक एकेक करून रिटायर होतायत. चौदा दिवसांच्या ट्रिपमध्ये चौदा लाइनी झाल्या तरी पुष्कळ.

मॉडेलिंगच्या जागेचं म्हणशील, तर जा की. मी अडवणार नाही. पण तिथे जाऊन या सहीपासून सुटका होईल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. तुझ्या मॉडेलमध्ये प्रत्येक विहिरीचा वॉटर कट, म्हणजे तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचं प्रमाण, जाणार. तो आकडा येतो टेस्ट सेपरेटरवरून. पहाटे तीन वाजता सॅम्पल न काढता कुणी मागच्या महिन्याचाच आकडा उतरवून ठेवला असेल, तर तुझा तो रंगीत नकाशा त्या आळसावर उभा राहणार आणि त्याच्या जोरावर कुणीतरी कोट्यवधींची नवी विहीर खणणार. ज्याने स्वतः थरथरत्या हाताने ते सॅम्पल काढलंय त्याला तो आकडा बघताक्षणी संशय येतो. तेव्हा दोन वर्षं थांब, मग जा. अबुधाबीलाही हेच लागू आहे.

तेलाला किती वर्षं आहेत, हे मला विचारू नकोस. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं. मी १९८७ ला लागलो तेव्हा मला सांगितलं होतं की दहा-पंधरा वर्षांत संपेल, दुसरं काही बघ. आज तू तिथेच ड्युटी करतोयस. आता विहिरी म्हाताऱ्या झाल्यात, तेलाबरोबर पाणी जास्त येतं, पाइप आतून खात चाललेत. अशा वेळी जाऊन बघणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त लागतो. उद्या हे प्लॅटफॉर्म उतरवायची वेळ आली तरी कुठल्या लाइनीत काय अडकून बसलंय हे सांगणारा कुणी लागेलच.

याची किंमत पडते, तेही सांगतो. २००१ मध्ये मी एका कंप्रेसरचं स्टार्टअप सहा तास रोखलं. एक ब्लाइंड उघडलाय असं कागदावर होतं, मी बघायला गेलो तर तो बंदच होता. सहा तासांचं उत्पादन गेलं. दोन महिन्यांत माझी बदली स्टोअर्समध्ये झाली, कारण कागदावर कुणी लिहिलं नाही. तीन वर्षं मी बोल्ट आणि गॅस्केट मोजली. माझ्याबरोबरचे जनरल मॅनेजर झाले. तुझी काकू म्हणायची, एवढा हट्ट कशासाठी? मी तिला उत्तर दिलं नाही. उत्तर उरणला होतं, आणि ते तिला सांगायची हिंमत मला तेव्हा नव्हती. लोक मला हेकेखोर म्हणतात. म्हणोत. त्या सहा तासांबद्दल मला एका मिनिटाचीही खंत नाही. खंत आहे ती ९३ च्या त्या दहा मिनिटांची, जी मी वाचवली.

तर आता काय करायचं? गुरुवारी तुझी पाळी बदलतेय ना? हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी प्लॅटफॉर्मचा प्रमुख असलेल्या ओआयएमकडे जा. त्या रात्रीच्या परमिटवर गॅस टेस्ट मी केलेली नव्हती, आकडा मी न बघता लिहिला, असं स्वतःच्या अक्षरात नियर मिसच्या (थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या) फॉर्मवर लिहून दे. सीनियरचं नाव पुढे करू नकोस, तू काय केलंस तेवढंच लिही. ओरडा बसेल. कदाचित पुढचं प्रमोशन वर्षभर पुढे जाईल. माझी अकरा वर्षं गेली आणि तेव्हाही मी ते चुकीच्या माणसाच्या ऐवजी योग्य माणसाला सांगितलं एवढंच, लेखी कुठेच नाही. तुझ्याकडे अजून फॉर्म आहे, आणि तुझ्या वेल्डरचे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

जुहूला उतरलास की फोन कर. शनिवारी मी उरणला जाणार आहे, त्याच्या नातीचं बारसं आहे. चल माझ्याबरोबर.

तुझा,
काका