गेवरा कोळसा खाणीचा विस्तार म्हणजे नेमकं काय वाढवतात? यंत्रं की खड्डा?

दोन्ही, पण खरी अडचण जमिनीची. छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातली ही एसईसीएलची (कोल इंडियाची उपकंपनी साउथ ईस्टर्न कोलफील्ड्स) उघडी खाण 1981 पासून चालू आहे. 2023-24 मध्ये तिथून सुमारे 5.9 कोटी टन कोळसा निघाला. वर्षाला 5.25 कोटींऐवजी 7 कोटी टन काढायला 2024 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली.

कोळसा काढणं त्यातल्या त्यात सोपं. सरफेस मायनर नावाचं यंत्र दातेरी ड्रम फिरवत थर तासत जातं आणि तिथेच चुराही करतं, कोळशात सुरुंग लावावा लागत नाही. खरा घाम निघतो वरची माती-दगड हटवताना. तिथे स्फोट, 42 घनमीटरच्या बादलीचे शॉवेल (खोदून उचलणारी अवजड यंत्रं) आणि 240 टनी डंपर लागतात. हा ढिगारा टाकायलाही जागा हवीच! चंद्रपूरकडे घुग्घुस, सास्तीला असे डोंगर रस्त्यावरूनच दिसतात.

खड्डा पुढे सरकतो तसं गाव उठतं. भूसंपादन 1957 च्या कोळसाक्षेत्र कायद्याखाली होतं, पण नुसत्या पैशावर लोक तयार होत नाहीत. नोकरी आणि धड पुनर्वसन हवं असतं, आणि माझ्या मते ते रास्तच आहे. काम बंद पाडणारी आंदोलनं होतात ती यावरूनच.