ऐनवेळच्या विषयात गेलेली मोकळी जागा

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमची कॉलनी आहे. मंजूर रेखांकनात (लेआउटमध्ये) सोडलेल्या मोकळ्या जागेवर मुले खेळतात. ही जागा एका खासगी संस्थेला बहुउद्देशीय सभागृहासाठी १५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत झाल्याचे कळले. विषयपत्रिकेत हा विषय नव्हता. तो 'ऐनवेळचे विषय' म्हणून घेतला, असे आमचे नगरसेवक सांगतात. ठरावाची नक्कल मागितली तर 'इतिवृत्त अजून कायम झालेले नाही, पुढच्या सभेनंतर या' असे उत्तर मिळाले. पुढची सभा महिनाभरात आहे. तोवर थांबावे का? आम्हाला सभेत बोलता येईल का?

उत्तर : थांबू नका. पुढच्या सभेत काय येणार आणि काय येणार नाही, हे सभेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ठरते. सभेनंतर गेलात तर हा सगळा काळ हातचा जाईल आणि पुन्हा दोन महिन्यांची वाट पाहावी लागेल.

आधी इतिवृत्ताबद्दल. इतिवृत्त कायम करताना सभागृह एवढेच पाहते की मागच्या सभेत जे घडले ते बरोबर नोंदले गेले आहे की नाही. सूचक-अनुमोदकाचे नाव चुकले असेल, विरोध नोंदवायचा राहिला असेल, तर ते तेव्हा दुरुस्त होते. मूळ ठराव त्या वेळी फिरवता येत नाही. त्यामुळे 'इतिवृत्त कायम करताना विरोध करू' असे तुमचे नगरसेवक म्हणत असतील, तर तेवढ्यावर विसंबू नका. मात्र मागच्या सभेत त्यांनी तोंडी विरोध केला असेल आणि तो नोंदवला गेला नसेल, तर ही दुरुस्ती त्यांनी लेखी मागावी. ती नोंद पुढे उपयोगी पडते.

आता सभेचे गणित. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ८१ प्रमाणे दोन महिन्यांतून एकदा सर्वसाधारण सभा व्हावी लागते आणि ती नगराध्यक्ष बोलावतात. प्रत्यक्षात विभाग आपापल्या विषयांच्या टिपण्या तयार करतात, त्या मुख्याधिकाऱ्यांकडे जातात आणि नगराध्यक्षांच्या संमतीने विषयपत्रिका निघते. बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, नियोजन अशा विषय समित्या असतील तर काही विषय त्यांच्याकडून शिफारशीसह येतात. एकदा टिपणी तयार होऊन विषयाला क्रमांक पडला की तो काढून टाकणे फार अवघड असते. बोलायचे ते त्याआधी, मुख्याधिकारी आणि नगराध्यक्षांकडे, आणि तेही लेखी.

सर्वसाधारण सभेची नोटीस सदस्यांना सात पूर्ण दिवस आधी मिळाली पाहिजे आणि ती नगरपरिषद कार्यालयात लावली गेली पाहिजे. नगरसेवकाला स्वतःचा प्रस्ताव त्या नोटिशीत हवा असेल, तर त्याने दहा पूर्ण दिवस आधी तो लेखी दिलेला असावा लागतो. पूर्ण दिवस मोजताना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे. समजा सभा २५ तारखेला आहे. मधले सात दिवस १८ ते २४, म्हणजे नोटीस १७ पर्यंत पोचायला हवी. दहा दिवस १५ ते २४, म्हणजे नगरसेवकाचा प्रस्ताव १४ पर्यंत दाखल व्हायला हवा. नोटीस शेवटच्या दिवशी निघाली, तर विषयपत्रिका १७ तारखेला हातात पडते आणि नवा विषय घालण्याची मुदत १४ तारखेलाच संपलेली असते. बहुतेक नागरिक आणि पहिल्यांदा निवडून आलेले अनेक नगरसेवक नेमके इथेच अडकतात. 'विषयपत्रिका येऊ दे, मग बघू' असे म्हणणे म्हणजे ती सभा सोडून देणे.

म्हणून मागच्या सभेची तारीख धरा, त्यात दोन महिने मिळवा आणि त्याच्या किमान तीन आठवडे आधी नगरसेवकांकडून प्रस्ताव आवक-जावक विभागात दाखल करा. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच तुमच्या फाइलमध्ये असू द्या. साहेबांच्या टेबलावर ठेवलेला कागद मुदतीचा पुरावा ठरत नाही. मजकूर मोघम नको. 'कॉलनीच्या मैदानाबाबत चर्चा करणे' असे लिहिले तर चर्चा होईल, ठराव जागेवरच राहील. असा लिहा :

'दि. ___ च्या सर्वसाधारण सभेतील ठराव क्र. ___, ज्यान्वये मौजे ___, सर्व्हे/गट क्र. ___ मधील मंजूर रेखांकनातील मोकळी जागा, क्षेत्र ___ चौ.मी., ___ संस्थेस १५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचे ठरले, तो ठराव रद्द करणे व सदर जागा खुली जागा म्हणून कायम ठेवणे.'

जुना ठराव थोड्याच काळात बदलायचा किंवा रद्द करायचा तर कायद्यात साध्या बहुमतापेक्षा कडक अट आहे, आणि रद्द करायचा ठराव नोटिशीत स्पष्ट नमूद असावा लागतो. संस्थेला ऐनवेळी दिलेली जागा ऐनवेळीच परत घेता येत नाही. तेव्हा ठराव क्रमांक, तारीख आणि क्षेत्र यांतली एकही जागा कोरी ठेवू नका.

पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत थांबणे शक्य नसेल तर विशेष सभेचा मार्ग आहे. एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर नगराध्यक्षांना ती मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. विशेष सभेला तीन पूर्ण दिवसांची नोटीस पुरते. मागणीपत्रात जो विषय लिहाल तोच सभेत येतो, म्हणून वरचा मजकूर जसाच्या तसा त्यात घाला. एकूण २४ सदस्य असतील तर सहा सह्या लागतात. तुम्ही आठ घ्या. मागणीपत्र दिल्यावर एखाद-दुसरा सदस्य सही मागे घेतो आणि मागणीच बारगळते.

ऐनवेळच्या ठरावाची कायदेशीर स्थिती काय? विषय, वेळ आणि ठिकाण नोटिशीत देण्याची सक्ती यासाठी आहे की सदस्याने कागद वाचून, प्रभागात विचारून यावे आणि नागरिकालाही आधी कळावे. ऐनवेळी विषय घेणे हा अपवाद आहे. फुटलेली जलवाहिनी, साथीचा आजार, उद्या संपणारी अनुदानाची मुदत अशा गोष्टी त्यात बसतात. १५ वर्षांचा भाडेपट्टा एका दिवसात तातडीचा होत नाही. संस्थेचा अर्ज नगरपरिषदेत कधी आला, ती तारीख शोधा. तो सभेच्या महिनाभर आधी आवक झालेला असेल, तर 'तातडी होती' हा बचाव टिकवणे कठीण जाईल. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद हाच आहे.

आता जागेबद्दल. दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. विकास योजनेत बागेसाठी किंवा मैदानासाठी आरक्षित जागा असेल, तर तिचा वापर बदलण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ ची प्रक्रिया करावी लागते : राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, बाधितांना नोटीस व सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. नुसता सभेचा ठराव तिथे पुरत नाही. तुमची जागा मात्र रेखांकनातली खुली जागा दिसते. ती सोडण्याच्या अटीवरच रेखांकन मंजूर झालेले असते आणि भूखंडधारकांनी ती पाहूनच भूखंड घेतलेले असतात. म्हणून अर्जदार म्हणून भूखंडधारकांच्या सह्या घ्या. त्यांचा हक्क सर्वांत थेट आहे. नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत, मंजुरीचा आदेश आणि भाग नकाशा घ्या. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका किंवा तलाठ्याकडून सातबारा काढा. जागा नगरपरिषदेच्या नावावर चढलीच नसेल, तर ती भाड्याने देण्याचा प्रश्नच वेगळे वळण घेतो.

नावावर असली तरी १९६५ च्या अधिनियमाचे कलम ९२ आहे. नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या भाड्याला थोडी मोकळीक आहे, पण १५ वर्षे आणि वर पक्के सभागृह हे त्यात बसत नाही. याचा दुसरा अर्थ असा की ठराव झाला म्हणून जागा गेली असे नाही. पुढे मंजुरी, करारनामा आणि नोंदणी हे टप्पे बाकी असतात. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहून करार नोंदला गेला आहे का, हे आजच तपासा. झालेला नसेल तर तुमची बाजू बरीच सोपी आहे.

ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ठराव बेकायदेशीर असेल, लोकहिताविरुद्ध असेल किंवा त्याने लोकांना इजा वा त्रास होण्याचा संभव असेल, तर ते लेखी आदेशाने तो तहकूब करू शकतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेत द्या आणि प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या. शीर्षकातच 'कलम ३०८ अन्वये' लिहा. सोबत विषयपत्रिका, ठरावाची नक्कल, रेखांकन आणि जागेचे आजचे फोटो जोडा. 'आपले सरकार'वरची तक्रार हा याला पर्याय नाही. ती बहुधा उत्तरासाठी नगरपरिषदेकडेच परत येते.

नक्कल मिळत नाही, ही अडचण सुटण्यासारखी आहे. ठराव झाला असेल तर इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता कच्च्या इतिवृत्ताची प्रत मागता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा. प्रत पानाला २ रुपये पडते. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणजे सभेपूर्वी उत्तर येईलच असे नाही. तेव्हा प्रत मागण्यासोबत 'अभिलेख पाहणी' सुद्धा मागा. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय केली आहे. सोमवारी जा आणि तीन गोष्टी पाहा : संस्थेच्या अर्जाची आवक नोंद, त्यावरची कार्यालयीन टिपणी आणि त्या सभेची विषयपत्रिका. टिपणीच नसेल तर विभागाने जागेची छाननी न करताच विषय सभेपुढे गेला, हे अर्जात स्वतंत्र मुद्दा म्हणून घ्या. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातून तिची विश्वस्तांची यादीही काढा. ठरावाचा सूचक, अनुमोदक किंवा त्यांच्या घरचे कोणी त्यात असेल, तर ती बाब जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवलीच पाहिजे.

सभेत बोलण्याबाबत : सभा नागरिकांना खुली असते. बहुमताने एखादा विषय बंद दाराआड घेण्याचे ठरले तरच बाहेर जावे लागते. तुम्ही बसू शकता, ऐकू शकता, टिपून घेऊ शकता. बोलण्याचा हक्क सदस्यांचा आहे. घोषणाबाजी केलीत तर पीठासीन अधिकारी बाहेर काढू शकतात. तुमचे म्हणणे एका पानात लिहून, जागेच्या नकाशासह प्रत्येक नगरसेवकाला सभेच्या तीन-चार दिवस आधी द्या.

कोर्टाचा विचार दोन प्रसंगी करा : करार नोंदला गेला किंवा जागेवर खोदकाम सुरू झाले, अथवा जिल्हाधिकाऱ्यांनी अर्ज प्रलंबित ठेवला. दिवाणी दाव्याआधी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०४ खाली एक महिन्याची लेखी नोटीस लागते, म्हणून ती आताच देऊन ठेवणे शहाणपणाचे. रिट याचिकेसाठी सातारा जिल्हा १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. 'तुमचा काय संबंध' असे विचारले गेले, तर बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या १९९१ च्या निकालाचा आधार घ्या. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने तिथे अवैध धरले आणि परिसरातल्या रहिवाशांना आव्हान देण्याचा हक्क आहे, हेही मान्य केले.

एका शक्यतेची तयारी मात्र ठेवा. तुमचा अर्ज गेल्यावर नगरपरिषद हाच विषय पुढच्या सभेत रीतसर विषयपत्रिकेत घालून पुन्हा मंजूर करू शकते. तसे झाले की 'ऐनवेळचा विषय' हा आक्षेप संपतो. जागेचा दर्जा आणि कलम ९२ हे दोनच मुद्दे उरतात. म्हणून अर्जात ते दोन मुद्दे आधी, नकाशा आणि कागदांसह मांडा आणि ऐनवेळचा आक्षेप त्यांच्या खाली ठेवा. नवी विषयपत्रिका लागली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा आणि त्या तारखेचा पुरवणी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या.