तासगावात नवी द्राक्षबाग लावणाऱ्याला

भावा, ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा धरली की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, बघता बघता घड जिरवते. तिथं हात आखडू नकोस, फवार. पण दुकानदार म्हणतो म्हणून चार औषधं एका टाकीत ढवळायची नाहीत. त्यात त्याच्याकडची तुझी उधारी तेवढी फुगते. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, दिसला की लोक पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक मारतात. त्यानं मिलीबग खाणारे क्रिप्टोलीमस भुंगेरे आधी मरतात, आणि सालीखाली दडलेला मिलीबग पुन्हा उसळतो. डब्यावरचा त्रिकोण बघ, लाल सगळ्यात जहाल. काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, तेही लेबलवर असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळं युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. आणि पंप ओढ्यात धुऊ नकोस, मासे मरतात.