रेडिएटर गळतोय, पण तापमानाचा काटा आपोआप खाली येतो. रोज पाणी टाकून गाडी चालवली तर चालेल का?

नाही चालणार.

तुम्ही लिहिलंय की रेडिएटरच्या कडेला ओल दिसते, रोज झाकण उघडून पाणी भरावं लागतं, रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली पातळी मात्र कायम बरोबर असते. चढावर काटा वर जातो, पण थोड्या वेळाने 'आपोआप खाली येतो'. आणखी दोन-तीन महिने असंच ढकलावं का, आणि नंतर रेडिएटर दुरुस्त करावा की बदलावा, हे तुम्हाला हवंय. तुमचं ते 'आपोआप खाली येतो' वाचलं आणि मला राहवलं नाही. माझ्या हातात असताना एक इंजिन गेलं, ते बरोबर याच तीन शब्दांत गेलं.

गाडी दादाची होती. आईला तपासणीसाठी न्यायचं होतं, दादा कामावर, म्हणून मी निघाले. पहाटेची वेळ, पाऊस, पुढे घाट. काचेवर आतून वाफ धरत होती म्हणून मी गरम हवा काचेवर सोडली. घाट चढायला लागलो तसा काटा अर्ध्याच्या वर सरकला, पाऊण भागापर्यंत गेला. आता कुठे थांबता येईल ते मी बघत होते. तेवढ्यात काटा खाली यायला लागला. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्याही खाली गेला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि आईला म्हणाले, "ठीक आहे, उतरला काटा."

त्याच सुमाराला आई म्हणाली, "अगं, ही हवा गार यायला लागली." मी बटण फिरवून बघितलं, गारच. वाटलं, हीटरचं काहीतरी बिघडलंय, परत आल्यावर दादाला सांगू. काच फडक्याने पुसत पुढे गेले. दहा मिनिटांनी गाडीची ओढ गेली, इंजिनातून टकटक आवाज यायला लागला, आणि रंग करपल्यासारखा वास आत आला. बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. काटा तेव्हाही अर्ध्याच्या खालीच होता. आईनेही बघितला.

बोनेट उघडलं तर वाफ नाही. वाफ यायला आत पाणीच उरलं नव्हतं. तापलेलं लोखंड गार होताना कट्‌कट् वाजतं तसा आवाज येत होता, आणि बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती. ती भरलेली बाटली मी पुन्हा पुन्हा बघत होते. कशाचाच मेळ लागत नव्हता.

मेळ नंतर मेकॅनिककाकांनी लावून दिला. काटा पाण्याचं तापमान दाखवतो, इंजिनाचं नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याचं खरं. पाणी खाली गेलं आणि तो उघडा पडला की तो हवेचं किंवा वाफेचं तापमान सांगत बसतो, आणि काटा उतरतो. म्हणजे वर गेलेला काटा वेग कमी न करता, चढ न संपता खाली आला, तर इंजिन गार झालं असं समजू नका. मापायला पाणी उरलं नसेल. आणि गरम हवा गार झाली, ती हीटर बिघडल्यामुळे नव्हे. हीटरला उष्णता याच पाण्यातून मिळते, त्याची छोटी जाळी बहुतेक गाड्यांत उंचावर असते, पातळी उतरली की ती लवकर रिकामी होते. गाडी मला दहा मिनिटं आधी सांगत होती, मला ती भाषा येत नव्हती.

बाटलीचं असं. पाणी तापून फुगलं की रेडिएटरच्या झाकणातून बाटलीत जातं, आणि गार होताना आत पोकळी तयार होऊन ते परत ओढलं जातं. रेडिएटरला चीर असेल तर ती पोकळी चिरेतून हवा ओढून घेते. बाटलीतलं पाणी जिथल्या तिथे राहतं आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. तुमची बाटली 'कायम बरोबर' आहे त्याचा अर्थ हाच असू शकतो.

काकांनी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं, त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पातींचं माप) सरकवून दाखवला. 0.15 मिलिमीटरची पात मधोमध अलगद आत गेली. त्या हेडला चालणारा बाक 0.05 मिलिमीटरचा. ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की असंच वाकतं, मग हेड आणि इंजिनाच्या मधलं पातळ गॅस्केट दाबून धरलं जात नाही. एका बाजूला गॅस्केटची कड जळून काळी झाली होती. रेडिएटरची चीर तर बोटभरही नव्हती. ॲल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टिकची टाकी जिथे मुडपून बसवलेली असते तिथे, आणि तिच्या कडेने पांढरट-हिरवा थर साठलेला. तो थर एका दिवसात साठत नाही. काका म्हणाले, "ताई, हे कित्येक महिने गळतंय."

तेव्हा दादाने सांगितलं की तो रोज सकाळी लिटरभर पाणी टाकत होता. मला चावी देताना तो हे बोलला नव्हता. आणि तेव्हापासून आजपर्यंत, चार वर्षं, घरात विषय निघाला की त्याचं एकच वाक्य असतं: "काट्याकडे लक्ष दिलं असतंस तर इंजिन वाचलं असतं." मी लक्ष दिलं होतं. जेवढं रस्त्याकडे बघितलं तेवढंच काट्याकडे बघितलं. काटा खाली होता. "माझ्याकडे रोज चालत होती ना" हे त्याचं दुसरं वाक्य. चालत होती, कारण तो सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं जायचा. तेवढ्यात पाणी कमी व्हायचं, संपायचं नाही. घाटात तासभर इंजिनाने जोर लावल्यावर ते संपलं.

'थोडंसंच गळतंय' हेही मला पटत नाही, आणि त्यात फक्त पाणी जातं असं नाही. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा द्रव) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण 107 अंशांना उकळतं. झाकण आतला दाब जवळपास एक बारने, म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, वाढवतं, त्यामुळे तेच मिश्रण 125 अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. चीर पडली की दाब धरत नाही, ती सगळी सवलत गेली. वर तुम्ही रोज साधं पाणी टाकताय, म्हणजे कूलंट पातळ होत होत शेवटी 100 अंशांवर आलात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, मुळात उघडतो 82 ते 88 अंशांना. हातात राहिले बारा ते अठरा अंश. हेडमध्ये ज्वलनाच्या जागेला लागून जे पाणी असतं ते आधी उकळतं, तिथे वाफेचा पापुद्रा धरतो आणि वाफ उष्णता फारशी वाहून नेत नाही. साध्या पाण्याने आतून गंज धरतो तो वेगळाच.

दुरुस्त की बदल, तर बदला. 'झाळ मारून घे' हा सल्ला घरातली मोठी माणसं देतील, तो तांबं-पितळेच्या रेडिएटरचा आहे. प्लॅस्टिकच्या टाकीला झाळ लागत नाही, आणि वरून लावलेला लेप ताप आणि दाब सोसत नाही. गळती बुजवायची पूड टाकू नका, ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. आणि 'थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी तापायचीच नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दादाने तेही करून ठेवलं होतं, काकांना तिथे नुसती रिकामी जागा सापडली. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेवर गरम होत नाही, जास्तीचं इंधन पितं, ते इंधन ऑइलमध्ये उतरतं. चीर जिथल्या तिथे राहते.

थोडं न्यायाने सांगायचं तर, खाली आलेला काटा दर वेळी असाच असतो असं नाही. थर्मोस्टॅट अडकत उघडला, किंवा आत हवेचा बुडबुडा राहिला, तरी काटा वर जाऊन खाली येतो. फक्त थांबल्यावर तापत असेल तर आधी फॅन, त्याचा फ्यूज आणि रिले बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत बाटलीच दाबाखाली असते आणि रेडिएटरला वेगळं झाकण नसतं, त्यांना बाटलीचं वरचं गणित लागू नाही. पण तुमच्याकडे ओल दिसतेय, त्यामुळे मला शंका वाटत नाही. सकाळी गार इंजिन सुरू करताच बाटलीत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गॅस्केट बहुतेक आधीच गेलंय आणि नुसता रेडिएटर बदलून भागणार नाही.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. पाणी दिसत असेल तर तोंडापर्यंत भरून, जवळच्या मेकॅनिककडे, सपाट रस्त्याने, हीटर चालू ठेवून जा. हवा गार झाली की तिथेच थांबा, काटा काहीही दाखवत असो. पाणी दिसत नसेल तर सुरूच करू नका, ओढून न्या. तोवर घरात आणखी कुणी ही गाडी चालवत असेल तर त्यांना आजच सांगा की तुम्ही पाणी टाकताय, किती टाकताय आणि कुठे टाकताय. दादाने एवढं सांगितलं असतं तर मी आईला घेऊन त्या गाडीने घाटात गेले नसते.