व्हीएमएसवर 'डीआयआर' सोयीचे करताना रात्रीची बॅच-कामे का बिघडतात

नांदेडच्या सदस्याने लिहिले आहे की, व्हॅक्स या जुन्या संगणकाच्या सिम्युलेटरवर व्हीएमएस ही त्याची कार्यप्रणाली चढवून, फायलींची यादी दाखवणाऱ्या 'डीआयआर' या आज्ञेला सिम्बॉल करून (म्हणजे आज्ञेला स्वतःचे टोपणनाव देऊन) आकार आणि तारीख कायमची जोडली, आणि तेव्हापासून ती यादी वाचणारे रात्रीचे बॅच-काम (टर्मिनलवर कोणी नसताना आपोआप चालणारे काम) अर्ध्यावर थांबते. हेच दुखणे आम्ही भोगले आहे. सिम्बॉलला दोन बरोबर-चिन्हे का द्यायची (तो सर्वत्र लागू व्हावा म्हणून), हे तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

लॉगिन.कॉम ही फाइल केवळ टर्मिनलवर बसलेल्यासाठी चालत नाही; त्या खात्याचे बॅच-काम सुरू होतानाही ती चालते, आणि तिच्याआधी सर्वांसाठीची सायलॉगिन.कॉम चालते. त्यामुळे डोळ्यांच्या सोयीसाठी केलेला सिम्बॉल प्रोसिजरमध्येही (बॅच-कामाच्या आज्ञांच्या फाइलमध्येही) शिरतो. त्यात यादीतील फाइलनावासाठी मुळात १९ अक्षरांचीच जागा असल्याने त्याहून लांब नाव आले की आकार आणि तारीख खालच्या ओळीवर उतरतात, आणि एका ओळीत एक फाइल गृहीत धरणारी प्रोसिजर फसते.

मराठवाड्यातील ज्या कार्यालयात आम्ही काम करत होतो, तेथे हा सिम्बॉल सायलॉगिनमध्येच आणि तोही तारांकनासह लिहिलेला होता. तारांकनामुळे संक्षेप आणि पूर्ण शब्द दोन्ही त्याच सिम्बॉलकडे जातात, म्हणून 'डिरेक्टरी' असे पूर्ण लिहूनही सुटका नव्हती. आम्ही कारणासह लेखी अर्ज दिला, त्यावर आवक क्रमांक पडला, आणि नंतर 'वरिष्ठांची मान्यता येऊ द्या' याखेरीज काहीही हाती आले नाही. एका ओळीच्या बदलासाठी महिनाअखेरच्या याद्या माणसांनी हाताने जुळवाव्यात, याचा राग मला अजूनही येतो.

माझे मत, पटल्यास घ्यावे: मूळ आज्ञेचे नाव झाकूच नये. 'डीएल' असा वेगळा सिम्बॉल करून त्यात 'डिरेक्टरी/साइज=ऑल/डेट/विड्थ=फाइलनेम=४०' भरावे. लॉगिन.कॉममध्ये एफ$मोड (काम कोणत्या प्रकारे चालले आहे ते सांगणारे फंक्शन) तपासून, काम इंटरॅक्टिव्ह, म्हणजे टर्मिनलवरून चाललेले, नसेल तर तेथूनच बाहेर पडावे. मात्र बॅचला लागणारी लॉजिकल नावे (फायली वा डिस्क यांना दिलेली पर्यायी नावे) त्या तपासणीच्या वर ठेवावीत. सायलॉगिन दुसऱ्याच्या हातात असेल, तर प्रोसिजरच्या आरंभी 'सेट सिम्बॉल/स्कोप=(नोलोकल,नोग्लोबल)' दिल्याने बाहेरचे सिम्बॉल आत दिसत नाहीत. हे मी व्हॅक्सच्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या आवृत्तीवर आधी करून पाहावे.

खरे तर प्रोसिजरने डीआयआरची छापील यादी वाचूच नये. नावांसाठी एफ$सर्च आणि आकार-तारखांसाठी एफ$फाइल_ॲट्रिब्यूट्स आहे. एफ$सर्च लूपमध्ये वापरताना नावात तारांकन किंवा टक्क्याचे चिन्ह असू द्या, नाहीतर तीच फाइल पुन्हा पुन्हा मिळून काम संपतच नाही. आणि नुसते '/डेट' दिल्यास निर्मितीची तारीख दिसते; शेवटच्या बदलाची हवी असेल तर '/डेट=मॉडिफाइड' लिहावे लागते.